मेक्सिकोच्या बादशहाचा वरपक्ष

बाबा, आधीच सॉरी. माझं शुद्धलेखन कसं होतं ते तुला माहितीये, आणि आता तर पारच वाट लागलीये, कारण संडेची मराठी शाळा तुझ्याबरोबरच संपली. तू गेल्यावर आईने परत नेलंच नाही. फोनवर टाइप करतेय, एका बोटाने, आणि जोडाक्षर आलं की हा कीबोर्ड अडून बसतो, त्यामुळे एवढं लिहायलाच अख्खा चहा गार झाला. तरी मराठीतच लिहिणारे. इंग्लिशमध्ये लिहिलं की मी उगाच समजूतदार वाटते, आणि मला आज समजूतदार व्हायचं नाहीये. मला तुझ्यावर चिडायचंय. नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावर चिडू नये असं आई म्हणते. पण आईला त्या म्युझियममध्ये रोज जायचं नसतं ना.

म्युझियम म्हणजे फार काही मोठं नाही. आपल्या पार्सिपनीच्या घरापासून पंधरा मिनिटांवर एक जुनं लाकडी घर आहे, त्यात दोन खोल्या, एक तळघर आणि खूप सारे खोके. मी तिथे जुने फोटो स्कॅन करते. शाळा मी अकरावीत सोडली, हे तुला माहीत असायचं कारण नाही. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. प्रत्येक विषयात प्रेझेंटेशन होतं, आणि उभं राहून बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडातून शब्दच बाहेर येत नव्हता. मग मी एक दिवस गेले नाही, मग एक आठवडा, मग आईच दमली. ही नोकरी मला आवडते, कारण मशीनशी बोलावं लागत नाही. आणि माझी बॉस, सत्तरीची आहे, सगळं म्युझियम तीच चालवते, तिने हायस्कूलचा डिप्लोमा आहे का विचारलंच नाही. फक्त माझे हात बघितले आणि म्हणाली, नखं कापतेस ना, मग ठीक आहे. एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदा कुठेतरी चांगलं जमत होतं, बाबा. आणि तिथेसुद्धा तू मध्ये आलास.

तो अल्बम आठवतोय? आठवत असणारच, तूच आणलास. शनिवारी लोक सॉकरला जायचे आणि आपण एस्टेट सेलला. कोणीतरी म्हातारं वारलेलं असायचं, त्यांच्या घरातल्या सगळ्या वस्तूंना चिठ्ठ्या लावलेल्या असायच्या, आणि तू त्यांच्या किचनमध्ये शिरून त्यांची कढई उचलून बघायचास. मला इतकी लाज वाटायची. त्या दिवशी तुला वरच्या बेडरूममध्ये तो अल्बम मिळाला. जाड, ब्राउन चामड्याचा, पितळेची कडी, पानांच्या कडा सोनेरी. प्रत्येक पानात खाच, आणि खाचेत व्हिजिटिंग कार्डाएवढा फोटो. दाढीवाले लोक, मेडलवाले लोक, घेरदार झग्यातल्या बायका. तू मला म्हणालास, जा, खाली त्या बाई बसल्यात टेबलावर, त्यांना विचार हा कोणाचा. मी खाली गेले. त्या बाईसमोर उभी राहिले. ती म्हणाली, येस हनी? आणि मी परत वर आले. गाडीत तू सीटबेल्ट लावता लावता म्हणालास, "तोंड दिलंय ना देवाने? मी काय जन्मभर पुरणार आहे तुझ्या वतीने बोलायला?" रूट फोर्टीसिक्सवर पूर्ण वेळ तू रेडिओ लावला नाहीस. हे असं बोलायचं असतं का आठ वर्षांच्या मुलीला?

आणि मग तोच अल्बम तू मला नवव्या वाढदिवसाला दिलास. मी स्केट्स मागितले होते. निळे, बाजूला चांदण्या असलेले, तुला लिंकसुद्धा दाखवली होती. तू मला दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचे फोटो दिलेस, वर गिफ्ट पेपर लावून. सगळ्या मैत्रिणी बघत होत्या. आयसेलिनहून आणलेल्या केकवर माझं नाव होतं, आणि माझ्या मांडीवर एका दाढीवाल्याचा फोटो. तू खूश होऊन सगळ्यांना सांगतोयस, हा मेक्सिकोचा बादशहा! मुळात ऑस्ट्रियाचा राजपुत्र, फ्रेंचांनी नेऊन तिथे बसवला, तीन वर्षं राज्य केलं आणि तिथल्याच लोकांनी गोळ्या घातल्या! आई म्हणाली, अहो, वाढदिवस आहे तिचा. तू म्हणालास, अगं पण किती इंटरेस्टिंग आहे.

त्यानंतरचे रविवार मला अजून दिसतात. दुपारची वेळ आहे, किचनच्या टेबलावर तू जुना टॉवेल अंथरलायस, पोह्यांच्या ताटल्या सिंकमध्ये आहेत आणि तू तिसऱ्यांदा विचारतोयस, हात पुसलेस का? आधी नीट पुस. लॅपटॉपवर विकिपीडिया उघडा आहे. फोटोंच्या खाली, कार्डांवरच, कोणीतरी पेन्सिलीने नावं लिहून ठेवलीयेत, तू एकेक नाव शोधतोस, हा कोणाचा भाऊ, ही कोणाची आत्या. सगळं सापडल्यावर तू अल्बमकडे बघून तोंड वाकडं करतोस. "काय ही व्यवस्था? नवरा एका पानावर, बायको आठ पानं पुढे. मधे सगळे जनरल. घरात भांडण झालंय का यांच्या?" आणि तू खाचेतून फोटो काढायला लागतोस.

मला माहितीये तू काय केलंस. तू त्याचा लग्नाचा अल्बम केलास. डावीकडे वधूपक्ष, उजवीकडे वरपक्ष. राणी बेल्जियमच्या राजाची मुलगी, म्हणून तिचे वडील आणि भाऊ डावीकडे. बादशहाची आई, त्याचा मोठा भाऊ उजवीकडे. "ही विहीणबाई. चेहरा बघ, मानपानात काहीतरी कमी पडलंय." राणीच्या मागे मागे असायची ती बाई करवली झाली. एक ढेरपोट्या जनरल मामा झाला, अंतरपाटाला कोणीतरी हवं म्हणून. सगळ्यात पुढे गणपती लागतो, तो काही त्या अल्बममध्ये नव्हता, मग तू पोपचा फोटो पहिल्या पानावर लावलास. "हे भटजी. चालतील, धार्मिक दिसतायत." आई भांडी घासता घासता इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. शेवटचा फोटो माणसाचा नव्हताच, नुसता शर्ट होता. बादशहाचा, गोळ्यांची भोकं पडलेला, भिंतीवर टांगून त्याचा फोटो काढलेला. असले फोटो तेव्हा लोक विकत घ्यायचे म्हणे. तो तू टॉवेलवर पालथा ठेवलास. म्हणालास, लग्नाच्या अल्बममध्ये असलं नको, आणि ते कार्ड पोपच्या मागे त्याच खाचेत सरकवून दिलास. मी विचारलं, व्हाय? तू म्हणालास, मराठीत विचार. मी मराठीत विचारलं, तरी तू सांगितलं नाहीस.

पुढच्या वर्षी तू गेलास. अल्बम माझ्याकडे राहिला.

आता या महिन्यात काय झालं ते ऐक. म्युझियममध्ये एक्झिबिट होतं, आसपासच्या घरांमधले जुने अल्बम. बॉस म्हणाली, तुझ्या घरी काही असेल तर आण. मला नाही म्हणता येत नाही, हे तर तुला माहितीच आहे, म्हणून मी उशीच्या खोळीत घालून तो नेला. ती बघत बसली. एक पान उलटलं, मग चष्मा पुसला, मग दुसरं. लंचला उठली नाही. दोन दिवसांनी तिने मला बोलावलं आणि खुर्ची दिली. म्हणाली, तुझ्याकडे काय आहे तुला कल्पना आहे का? असे अल्बम बरेच सापडतात, लोक बाजारातून कार्डं आणून कशीही खोचायचे. पण हा वेगळा आहे. हा ज्याने लावलाय त्याला दरबारातली सगळी नाती माहीत होती. बघ, डाव्या बाजूला सगळे तिच्या माहेरचे. उजव्या बाजूला त्याच्या घरचे. बाहेरच्या माणसाला हे कसं माहीत असणार? ही नक्की कोणीतरी स्त्री आहे, राणीच्या अगदी जवळची. आणि पोप पहिला, म्हणजे कट्टर कॅथलिक. आणि पोपच्या मागे, हे बघ, तो शर्ट! तिने तो लपवलाय. तिला बघवत नव्हतं.

बाबा, तू बाई झालास. कट्टर कॅथलिक बाई. मी तिथे बसलेय, कान गरम झालेत, आणि माझ्या डोक्यात फक्त तू पोह्यांच्या वासाच्या बोटांनी पोपला उचलून भटजी म्हणतोयस. तेव्हाच सांगायचं होतं ना मी? एक वाक्य होतं. माय डॅड डिड दॅट. चारच शब्द. मी म्हटलं, "ओह. कूल." आणि खाली जाऊन स्कॅनर चालू केला.

मग ते वाढतच गेलं. बॉसने पॅनल लिहायला घेतलं, भिंतीवर लावायचं, मोठ्या अक्षरात. शनिवारी उद्घाटन, त्यात ती या अल्बमवर बोलणार. रोज मला काहीतरी नवीन दाखवायची. एक दिवस तिने मला एका लहान मुलाचा फोटो दाखवला, फ्रॉक घातलेला, दोन-अडीच वर्षांचा. बादशहाला मूल नव्हतं, म्हणून त्याने एका जुन्या राजाचा नातू दत्तक घेतला होता. मुलाची आई अमेरिकन, इथलीच. आधी घरच्यांनी कागदावर सह्या केल्या, मग आई म्हणाली, मला माझा मुलगा परत द्या. बादशहाच्या लोकांनी तिलाच देशाबाहेर पाठवलं, मुलगा ठेवून घेतला. बॉस म्हणाली, आणि बघ आपल्या बाईने काय केलंय. कागदोपत्री तो राजपुत्र, त्याला बादशहाच्या बाजूला लावायला हवं होतं. तिने त्याला उचलून शेवटच्या पानावर त्याच्या खऱ्या आईशेजारी ठेवलंय. हा तिचा निषेध आहे. तिला तोंडाने बोलता येत नव्हतं, म्हणून तिने एक फोटो हलवला. बोलताना तिचे डोळे भरून आले, बाबा. मी टिश्यूचा बॉक्स पुढे केला. दुसरं काय करणार?

घरी आईला सांगितलं. आई आधी हसली. मग म्हणाली, "अगं मग सांगून टाक ना त्यांना."

"काढून टाकेल ती मला."

"का काढेल? फोटो तू लावलेस का? बाबांनी लावले."

"मी तीन आठवडे गप्प बसले ना पण. फ्रॉड वाटेल यार."

"मी येऊ का बरोबर? मी बोलते."

"आई, नको. प्लीज. मी आठ वर्षांची नाहीये."

"बोलणं तर तेवढंच आहे अजून," आई म्हणाली, आणि कुकर लावायला गेली. तुम्ही दोघं एकाच कारखान्यात तयार झालायत.

शुक्रवारी पॅनल छापून आलं. फोमच्या जाड बोर्डवर, माझ्या उंचीचं. वर लिहिलं होतं, 'दरबारातल्या एका अनाम स्त्रीचा अल्बम'. बॉस स्टूलवर चढून खिळ्याची जागा बघत होती आणि मी खाली बोर्ड धरून उभी होते, माझं नाक त्या अनाम स्त्रीला लागलेलं. आणि मी बोर्डच्या मागूनच बोलले. तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं असेल. मी म्हटलं, ती बाई नाहीये. माझे बाबा आहेत. ते आयटीमध्ये होते. मग थांबताच येईना. किचन, टॉवेल, विकिपीडिया, वरपक्ष, वधूपक्ष, करवली, विहीणबाई, भटजी, सगळं. अंतरपाट इंग्लिशमध्ये काय सांगणार? मी म्हटलं, लग्नात नवरा-नवरीच्या मधे एक कापड धरतात, दोघांनी एकमेकांना आधी बघू नये म्हणून, आणि तो जाडा जनरल ते धरायला आहे. मी आयुष्यात एवढं कधीच कोणाशी बोलले नव्हते, आणि बोलले काय तर हे.

मी बोर्ड बाजूला केला. बॉस स्टूलवर बसली होती, मांडीवर हातोडी. मग तिने विचारलं, आधी कुठल्या क्रमाने होते? ते कुठे लिहून ठेवलंय का? आणि इथे मी तुझ्यावर सगळ्यात जास्त चिडले, बाबा. तू जगातल्या प्रत्येक गोष्टीचा बॅकअप ठेवायचास. गॅरेजच्या रिमोटच्या मॅन्युअलचा पण. आणि या एका गोष्टीचा नाही. खरोखर कोणीतरी तो अल्बम आधी लावला होता ना, त्याच्या मनात काहीतरी असेल, ते गेलं आता. बॉस रागावली नाही, पण हे म्हणताना तिचा चेहरा पडला. आपल्याला गंमत होती रे ती. तिच्यासाठी ती कोणाची तरी शेवटची खूण होती. मी सॉरी म्हटलं. तुझ्या वतीने.

मला वाटलं, आता सांगेल, सोमवारपासून येऊ नकोस. ती उठली, पॅनल भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि म्हणाली, चल, नवीन लिहू, तू सांग, मी लिहिते. छापायला वेळ नव्हता, मग साध्या प्रिंटरवर काढलं आणि टेप लावली. की हा अल्बम न्यू जर्सीतल्या एका बापाने आपल्या मुलीसाठी मराठी लग्नाच्या अल्बमसारखा लावला, मूळ क्रम आता माहीत नाही. खाली तुझी नावं, विहीणबाई वगैरे, मला देवनागरीत लिहायला लावली. शेवटी ती त्या लहान मुलाच्या पानाशी आली. म्हणाली, म्हणजे याला आईजवळ ठेवलं ते तुझ्या वडिलांनी. आणि मला दंडाला धरून म्हणाली, खूप प्रेमळ माणूस असणार तो. मी काही बोलले नाही. तिने तेही लिहिलं. शनिवारी लोक आले, ती ओळ वाचून एका काकूंनी डोळे पुसले. आईने पॅनलचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. नाशिकच्या आत्याने सतरा हार्ट पाठवले.

तर पॅनल परत चुकीचं आहे, बाबा. आणि या वेळी माझ्यामुळे.

तू त्याला आईजवळ ठेवलं नव्हतंस. तू त्याला वरपक्षात ठेवलंस, बादशहाच्या शेजारी. मी विचारलं होतं, बट हिज मॉम? तू टॉवेलची घडी करत म्हणालास, "दत्तक गेला ना तो. मग तो आता यांचा. नियम असतो." प्रेमळबिमळ काही नाही, तू नियमाचा माणूस होतास. मी तेव्हा गप्प बसले. तू हॉस्पिटलमध्ये होतास, आई तुझ्याजवळ, शेजारच्या काकू हॉलमध्ये टीव्ही बघत बसलेल्या, तेव्हा एका दुपारी मी तो फोटो काढून त्याच्या आईशेजारी लावला. हात न पुसता.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे. तुझा जुना ईमेल आईने अजून चालू ठेवलाय, कुपनं येतात त्यावर, पण ती उघडून बघते, म्हणून तिकडे नको. आणि पाठवलं तरी एवढं एकच सांगायचं होतं. तू मधे चार दिवस घरी आलास, सोफ्यावर झोपायचास. तेव्हा तू मला म्हणालास, तो आपला अल्बम आण गं, बघू जरा. मी म्हटलं, सापडत नाहीये. तू दुसऱ्या दिवशी पण विचारलंस. तो माझ्या बेडखाली होता. मला वाटलं तू तो मुलगा परत उचलशील.

अरे, आणि आपल्या घरामागच्या डेकखाली कोल्हीण व्यायलीये. चार पिल्लं आहेत. आई म्हणते कोणाला सांगू नकोस, टाउनशिपवाले येऊन घेऊन जातील.